घरची दुरुस्तीशाळा आणि वाहन उचलण्याची साधने
(वारूळवाडी व परिसरातील शेतकरी आणि गावपातळीवरील कृषी कार्यकर्ते यांच्याकरिता)

जुन्नर तालुक्यातील वारूळवाडी हे गाव नारायणगावास लागून, मीना नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी, पुणे-नाशिक रस्ता आणि नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ या तीन गोष्टींमुळे या टापूतील शेतीस व्यापारी वळण लागले. टोमॅटो, द्राक्षे, ऊस व कांदा ही पिके वेळच्या वेळी हाताळावी लागतात, आणि ती हाताळण्यासाठी ट्रॅक्टर, द्राक्षबागेतील लहान ट्रॅक्टर, त्यामागील फवारणीचा ब्लोअर आणि माल वाहणारी पिकअप गाडी ही साधने आता बऱ्याच घरांच्या दारात उभी असतात. तोडणी झालेले क्रेट गाडीत भरलेले आहेत आणि गाडीचे मागचे बेअरिंग गेले आहे, किंवा पाऊस पडून गेल्यावर बागेत बुरशीनाशकाची फवारणी तातडीने हवी आहे आणि ट्रॅक्टर मात्र चार दिवस दुसऱ्याच्या गॅरेजात अडकला आहे, अशा प्रसंगी होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलात दिसत नसले तरी ते बिलापेक्षा मोठे असते. म्हणून घरच्या घरी, निदान वस्तीवरील तीन-चार कुटुंबांनी मिळून, दुरुस्तीची जागा असावी ही इच्छा स्वाभाविक आहे. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेला मुलगा घरात असला तर तो शहरातील गॅरेजाप्रमाणे वाहन डोक्याच्या वर उचलणारी लिफ्ट बसवावी असाही आग्रह धरतो.

हा आग्रह कितपत योग्य आहे, कोणते साधन कोणत्या कामास पुरते आणि ते बसविताना काय सांभाळावे, याचा विचार या लेखात केला आहे.

पूर्वी गाडीची दुरुस्ती सुतार व लोहार करीत. बैलगाडीचे चाक काढावयाचे तर दोघे-तिघे गडी कण्याला खांदा देत, कोणीतरी खाली टेकू सरकवी आणि काम भागे. टेकू निसटलाच तर पायाचे बोट चेचण्यावर निभावत असे. यंत्रे आली, पण उचलण्याची ही जुनी सवय मात्र आपण सोडली नाही. आजही ट्रॅक्टरच्या धुराखाली दगड, विटा, सिमेंटचे ठोकळे किंवा बाभळीचा एकच ओंडका लावून माणूस निर्धास्तपणे आत शिरलेला दिसतो. बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांच्या वजनातील अंतर त्याच्या ध्यानात आलेले नसते. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारे दोन टन वजनाचा असतो. मागील चाकांत पाणी भरले असल्यास, मोठ्या टायरमध्ये दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावत असल्याने, एकेका चाकाचे वजन तितक्या किलोंनी वाढते. द्राक्षबागेतील लहान ट्रॅक्टरदेखील साधारण पाऊण ते एक टन भरतो. एवढे ओझे छातीवर आले तर शेजारी उभ्या असलेल्या दहा माणसांनाही ते वेळेत हटविता येत नाही. दुरुस्तीशाळेचा विचार म्हणून हत्यारांपासून न करता वजनापासून करावा. पिकअप किंवा मोटार यांचे रिकामे वजन नोंदणीपुस्तकात छापलेले असते. ट्रॅक्टरचे वजन कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मिळते. शंका असल्यास वजनकाट्यावर एकदा पुढील व मागील धुऱ्यांचे वजन स्वतंत्रपणे करून घ्यावे. हा आकडा शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा.

जॅक आणि घोडी

तेलाचा जॅक कसा काम करतो हे समजले की त्यावर किती विश्वास ठेवावा हेही समजते. जॅकमध्ये एक बारीक दट्ट्या आणि एक जाड दट्ट्या असून दोहोंमध्ये तेल भरलेले असते. तेलावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोचतो. दोन दट्ट्यांच्या व्यासांचे प्रमाण १ ला ३ असेल तर त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण १ ला ९ होते. दांडीच्या तरफेमुळे हाताचा जोर आणखी वीसपट वाढत असेल तर एकूण वाढ १८० पट. म्हणजे माणसाने दांडीवर १५ किलोचा जोर दिला की, घर्षणात जाणारा भाग सोडल्यास, २,७०० किलो उचलले जातात. किमया वाटावी अशी ही गोष्ट आहे; पण हे सर्व ओझे एका रबरी वायसरावर आणि झडपेच्या एका छर्‍यावर तोललेले असते. वायसर झिजला, तेलात कचरा गेला किंवा दांडी चुकून सैल फिरली की जॅक बसतो. तो कधी हळूहळू बसतो, तर कधी एकाएकी.

यावरून दुरुस्तीशाळेचा पहिला नियम निघतो : जॅकने उचलावे, परंतु ओझे घोडीवर ठेवावे. घोडी म्हणजे चार पायांचा लोखंडी टेकू. गॅरेजात यालाच स्टँड म्हणतात. त्याची उंची खाचांनी किंवा पिनेने ठरते आणि त्यात झिजणारा वायसर नसतो. घोड्या जोडीने घ्याव्यात. दोन टनांच्या ट्रॅक्टरसाठी प्रत्येकी तीन टनांच्या चार घोड्या असल्यास काम निर्धास्त होते. गावातील वेल्डरकडून त्या करून घेण्याकडे आपला कल असतो. वेल्डर चांगला असेल, परंतु त्याने जोडलेला सांधा किती ओझे पेलतो हे त्यालाही ठाऊक नसते. म्हणून क्षमता छापलेली तयार घोडी घ्यावी असे माझे मत आहे. चार-सहा हजार वाचविण्याची ही जागा नव्हे.

लाकडी ठोकळे वापरावयाचे असल्यास ते एकावर एक सरळ न ठेवता, दोन उभे व त्यांवर दोन आडवे अशी चवड रचावी. चवडीची उंची तिच्या पायाच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा अधिक होऊ देऊ नये. वीट आणि सिमेंटचा पोकळ ठोकळा यांना मात्र या कामात मुळीच स्थान नाही. लाकूड मोडण्यापूर्वी करकरते व दबते, माणसाला सूचना देते. वीट एकदम फुटते. या गावच्या नावातच वारूळ आहे, तेव्हा वाळवीविषयी वेगळे सांगावयास नको. मातीवर पडून राहिलेला ठोकळा वरून धडधाकट दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. ठोकळे जमिनीपासून उंच फळीवर ठेवावेत, आणि वापरण्यापूर्वी प्रत्येकावर हातोडा मारून आवाज पाहावा. बद्द आवाज आला तर तो ठोकळा चुलीकडे द्यावा.

ट्रॅक्टर उचलताना

मोटारीच्या बाबतीत शिकलेले ज्ञान ट्रॅक्टरला जसेच्या तसे लागू पडत नाही. मोटारीला सांगाडा असतो. ट्रॅक्टरमध्ये इंजिन, गिअरपेटी आणि मागील धुरा हे भाग एकमेकांना बोल्टने जोडलेले असून तोच त्याचा सांगाडा होय. शिवाय पुढील धुरा मधोमध एका पिनेवर झुलता बसविलेला असतो, कारण उंचसखल रानात पुढची दोन्ही चाके जमिनीवर टेकावयास हवीत. नांगरटीत उपयोगी पडणारा हा गुण दुरुस्तीच्या वेळी घातक ठरतो. मागील बाजू जॅकवर उचलली की ट्रॅक्टर पुढे केवळ त्या एका पिनेवर तोललेला राहतो आणि कोणत्याही बाजूस कलू शकतो. म्हणून मागील चाक काढण्यापूर्वी पुढील धुरा आणि त्यावरील बिडाचा आधार यांच्यामधील मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरी घट्ट ठोकाव्यात. क्लच-प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत विलग करतात तेव्हा तर पाचरींशिवाय कामास हात लावू नये. आमच्या पाहण्यात अनेक ठिकाणी ही एक गोष्ट वगळली जाते, आणि विचारल्यास, आजवर काही झाले नाही, असे उत्तर मिळते.

बाकीचा क्रम असा ठेवावा. ट्रॅक्टर सपाट व टणक जमिनीवर उभा करून त्याचे ब्रेक आकड्यात अडकवावेत. नांगर किंवा रोटाव्हेटर जमिनीवर टेकवून सोडावा. हायड्रॉलिकवर उचलून धरलेल्या अवजाराखाली पाते बदलण्यासाठी हात घालणे म्हणजे वर सांगितलेल्या त्याच रबरी वायसरावर हात गहाण ठेवणे होय. न उचलल्या जाणाऱ्या चाकांना पुढून व मागून अडसर लावावा. चाकाचे नट अर्धा फेरा सैल करणे ते चाक जमिनीवर असतानाच उरकावे; वर उचलल्यावर पाना ओढला तर ट्रॅक्टर घोडीवरून ढकलला जातो. मग धुऱ्याच्या नळीखाली जॅक लावून चाक जमिनीपासून दोन बोटे सुटेल इतकेच उचलावे, घोडी लावावी, ओझे तीवर उतरवावे, ट्रॅक्टर हाताने हलवून पाहावा आणि त्यानंतरच चाक काढावे. पाणी भरलेले चाक कलंडू लागले तर ते धरण्याचा प्रयत्न करू नये, बाजूला व्हावे.

इंजिन, गिअरपेटी यांसारखे भाग उचलण्यासाठी एक टनाची चेन-कप्पी फार उपयोगी पडते. तिची किंमत माफक असून ती वर्षानुवर्षे टिकते, आणि हात सोडला तरी ओझे जागच्या जागी राहील अशी कळ तिच्यातच असते. अडचण असते ती कप्पी कशाला टांगावयाची याची. पत्र्याच्या शेडची कैची पत्रा आणि वारा यांच्यासाठी बांधलेली असते, एक टन टांगण्यासाठी नव्हे. त्याकरिता दोन स्वतंत्र खांबांवर आडवा गर्डर टाकावा. साडेतीन मीटरच्या गाळ्यास २०० मिलिमीटर उंचीचा आय-गर्डर एक टनासाठी भरपूर मजबूत होतो. त्याचे वजन मीटरला सुमारे २५ किलो असते, यावरून खर्चाचा अंदाज करता येईल. खांबांचा पाया आणि जोड मात्र बांधकाम अभियंत्यास दाखवून घ्यावेत. आंब्याच्या फांदीस कप्पी बांधण्याची पद्धत पाहण्यात आहे. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

खड्डा खणावा काय?

वाहनाखाली उभे राहून काम करण्याचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे खड्डा. एस. टी. डेपोत तो पाहिलेला असल्यामुळे लोकांस ओळखीचा आहे. साधारणतः तो अडीच ते पावणेतीन फूट रुंद, पंधरा-सोळा फूट लांब आणि काम करणाऱ्याच्या उंचीप्रमाणे साडेचार ते पाच फूट खोल असतो. परंतु या भागात खड्डा खणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली गोष्ट चाकांमधील अंतराची. पिकअप व मोठा ट्रॅक्टर खड्ड्यावर सहज उभे राहतात. द्राक्षाच्या मांडवाखाली चालणाऱ्या लहान ट्रॅक्टरची एकूण रुंदी मात्र साडेतीन फुटांच्या आसपास असते, आणि दोन्ही टायरांची जाडी वजा जाता आतले अंतर सव्वादोन फुटांपर्यंतच उरते. अडीच फुटी खड्ड्यावर तो चढविला की आत पडणार. म्हणजे ज्या यंत्राची दुरुस्ती बागायतदारास सर्वांत अधिक करावी लागते, त्याच यंत्रास खड्ड्याचा उपयोग नाही. तीनचाकी रिक्षाचीही तीच गत. टेप घेऊन घरच्या प्रत्येक वाहनाचे आतले अंतर मोजावे आणि नंतरच कुदळ घ्यावी.

दुसरी पाण्याची. मीनेकाठच्या आणि कालव्याखालच्या रानांत पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी बरीच वर येते. श्रावणात शेजारच्या विहिरीचे पाणी जमिनीपासून किती खाली असते ते पाहावे. सहा-सात फुटांच्या आत असेल तर खड्ड्याचा नाद सोडावा. काळ्या जमिनीत आणखी एक उपद्रव असतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्या रेट्याने साधी नऊ इंची विटांची भिंत आत कलते. मुरमाड उंचवट्यावर जागा असेल तर खड्डा चांगला टिकतो.

तिसरी गोष्ट हवेची, आणि हीच जिवाशी गाठ घालणारी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि गळणारा स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जड असतो. हे दोन्ही जमिनीवरून सरपटत येऊन खड्ड्यात साठतात. एखादी ठिणगी पुरे. सी.एन.जी. याच्या उलट हवेहून हलका असल्याने तो वर, पत्र्याखाली जमतो, म्हणून सी.एन.जी.वरील गाड्या जेथे येतात तेथे छपराच्या आढ्याशी हवा जाण्यास वाट ठेवावी. खड्ड्यात विजेचे बटण किंवा सॉकेट बसवू नये. बारा व्होल्टच्या बॅटरीवरील बंदिस्त दिवा वापरावा. इंजिन चालू असलेल्या वाहनाखाली खड्ड्यात कोणी उतरू नये, कारण धुरातील विषारी वायूस वास नसतो. खड्ड्यास पायऱ्या दोन्ही टोकांस असाव्यात, म्हणजे एक वाट अडली तर दुसरीने बाहेर पडता येते. वरच्या काठास लोखंडी अँगलची चार बोटे उंच कड बसवावी, तळ एका टोकाकडे उतरता करून तेथे पाणी व तेल गोळा होण्यास चौकोनी हौद ठेवावा, आणि काम नसताना खड्डा दोन इंच जाड फळ्यांनी झाकावा. झाकणाचा हेतू केवळ मुले व गुरे पडू नयेत इतकाच नाही. उघडा, गार व अंधारा खड्डा घोणस व नाग यांना आवडतो. फळ्या काढल्यावर बॅटरीचा झोत टाकून चारी कोपरे पाहावेत आणि मग उतरावे.

लिफ्टविषयी

तेलाच्या दाबाने मोटार संपूर्ण उचलण्याची कल्पना अमेरिकेतील मेंफिस येथील पीटर लुनाटी या मेकॅनिकने १९२५ साली प्रत्यक्षात आणली. केशकर्तनालयातील वर-खाली होणारी खुर्ची पाहून ती सुचली, असे सांगतात. त्याच सुमारास हॅरी फर्ग्युसनने ट्रॅक्टरच्या मागे तेलाच्या दाबाने अवजार उचलणारी तीन जोडांची रचना सिद्ध केली आणि नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव झाले. आपल्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक आणि गॅरेजातील लिफ्ट या एका अर्थी सख्ख्या बहिणी आहेत.

आज घरगुती वापरासाठी बहुधा दोन खांबांची, चार टन क्षमतेची लिफ्ट घेतली जाते. खांबांमधून गाडी आत घ्यावयाची, चार हात गाडीच्या सांगाड्याखाली सरकवावयाचे आणि सुमारे तीन अश्वशक्तीच्या मोटारीने वर उचलावयाचे, अशी तिची पद्धत आहे. येथे शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही लिफ्ट मोटार व पिकअप यांच्यासाठी आहे, ट्रॅक्टरसाठी नाही. ट्रॅक्टरला हात टेकविण्याजोग्या चार जागा नाहीत, त्याचे बहुतेक ओझे मागे असते आणि पुढचा धुरा झुलता असतो. क्षमता चार टन आणि ट्रॅक्टर दोन टन, मग काय हरकत, हा हिशेब चुकीचा आहे. प्रश्न ओझ्याचा नसून तोलाचा आहे. म्हणून ज्या घरात एक ट्रॅक्टर आणि एकच पिकअप आहे, त्या घराने लाख-दीड लाख रुपये लिफ्टमध्ये गुंतवू नयेत असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तेवढ्या पैशांपैकी थोड्या भागात चांगला जॅक, चार घोड्या, चेन-कप्पी, काँक्रीटची जमीन आणि हत्यारांची पेटी होते आणि ट्रॅक्टर व पिकअप या दोहोंचे काम भागते. जेथे वस्तीवर सात-आठ गाड्या आहेत, शेतकरी गटाची अवजार बँक आहे, किंवा मुलगा दुरुस्तीचा धंदाच करणार आहे, तेथे लिफ्ट आपली किंमत भरून काढते. घरच्या कामापलीकडे गिऱ्हाइकांचे काम घ्यावयाचे झाल्यास जमिनीच्या वापराविषयी तलाठी व ग्रामपंचायत यांच्याकडे आणि वीजजोडाविषयी महावितरणकडे आधी चौकशी करावी. शेतीपंपाच्या जोडावर धंदा चालविता येत नाही.

लिफ्ट बसवावयाची ठरल्यास तिचा जीव जमिनीत आहे हे समजून चालावे. भरलेली घागर हात लांब करून धरली की खांद्यास जशी ओढ बसते, तशीच ओढ लिफ्टच्या खांबाच्या बुडास बसते. खांब आतल्या बाजूस झुकू पाहतो आणि बाहेरचे बोल्ट जमिनीतून उपटू पाहतो. दोन-तीन इंचांच्या कोब्यावर किंवा फरशीवर हे बोल्ट धरणार नाहीत. प्रथम काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून टाकावी. जागेत वारुळाच्या पोकळ्या निघाल्या तर त्या शेवटपर्यंत खणून काढाव्यात. वरवर भरून झाकू नयेत. नंतर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून व धुम्मस करून भरावा, त्यावर दगडी सोलिंग आणि मग काँक्रीट. उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेली जाडी पाळावीच. तथापि आपल्या जमिनी लक्षात घेता चौदा फूट लांब, आठ फूट रुंद व आठ इंच जाड असा, लोखंडी सळ्यांची जाळी असलेला एकसंध थर घालणे इष्ट होय. त्यास सुमारे ७५ घनफूट, म्हणजे २.१ घनमीटर काँक्रीट लागते. १ : १ : २ या प्रमाणाने घनमीटरला अकरा पिशव्या धरल्यास सिमेंटच्या २३ पिशव्या होतात. दोन्ही खांब याच एका थरावर यावेत. खांबाच्या बुडाजवळ काँक्रीटचा सांधा किंवा काठ येऊ देऊ नये.

यानंतरचे काम धीराचे आहे. थरावर पाण्याची आळी करून ते भिजवीत ठेवावे आणि २८ दिवस पुरे होईपर्यंत बोल्टसाठी भोके पाडू नयेत. टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला म्हणून दहाव्या दिवशी लिफ्ट उभी करण्याची घाई अनेकांना होते. त्या वयाचे काँक्रीट दिसावयास कठीण असले तरी बोल्टची पकड सहन करण्याइतके पक्व झालेले नसते. हंगामापूर्वी लिफ्ट हवी असेल तर काँक्रीट उन्हाळ्याच्या आरंभी, पाण्याची सोय पाहून घालावे.

छपराची उंची हा दुसरा हिशेब. पिकअप सुमारे सहा फूट उंच आणि तिच्याखाली माणूस उभा राहावा म्हणून ती सहा फूट उचलावयाची, म्हणजे बारा फूट झाले. कैचीखाली चौदा फूट मोकळे ठेवावेत. जुन्या गोठ्यात किंवा कांदाचाळीशेजारच्या पडवीत ही उंची मिळत नाही. अशा ठिकाणी कमरेइतकी उचलणारी कात्रीची लिफ्ट चालते. चाके, ब्रेक व टायर यांच्या कामास ती पुरी पडते.

विजेबाबत थोडे सांगणे जरूर आहे. शेतीच्या फीडरवर त्रिकला वीज ठराविक तासच असते, तेव्हा घरगुती जोडावर चालणारी एककला मोटारीची लिफ्ट घेणे सोयीचे. त्रिकला मोटार घेतलीच तर कंडेन्सर लावून दोन फेजवर पंप रेटण्याची जी युक्ती रानोमाळ चालते ती येथे वापरू नये. मोटार जळेल हे एक, आणि ती जळताना गाडी वर अधांतरी असेल हे दुसरे. स्वतंत्र अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवून घ्यावे. वीज गेल्यावर गाडी हाताने खाली उतरविण्याची कळ कोठे आहे, हे लिफ्ट बसविणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून दाखवून घ्यावे.

लिफ्ट वापरताना गाडीतील माल आधी उतरवावा. पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच, सांगाड्याच्या पट्ट्यांखाली, हातांची रबरी टोके टेकवावीत आणि चारही हातांची कुलपे बसली आहेत याची खात्री करावी. चाके वीतभर उचलली की थांबावे, गाडी जोराने हलवून पाहावी. ती जराही सरकली तर खाली घेऊन पुन्हा मांडणी करावी. वर नेताना खांबातील कुत्रे खाचांवरून टक् टक् वाजत जातात. इच्छित उंचीवर आल्यावर गाडी थोडी खाली सोडून तिचे ओझे या कुत्र्यांवर टेकवावे आणि मगच खाली शिरावे. तेलाच्या दाबावर लोंबकळत ठेवलेल्या गाडीखाली उभे राहणे आणि नुसत्या जॅकवरील ट्रॅक्टरखाली निजणे यांत फरक नाही. इंजिन किंवा मागील धुरा काढला की गाडीचा तोल बदलतो. हलके झालेले टोक वर उठते. अशा कामात दुसऱ्या टोकास उंच टेकू द्यावा. दोन्ही खांबांना जोडणाऱ्या तारा सारख्या ताणलेल्या आहेत काय आणि पायाचे बोल्ट सैल झाले आहेत काय, हे पहिल्या महिन्यात दर आठवड्यास व नंतर दरमहा पाहावे.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर भाषण देण्यापेक्षा प्रात्यक्षिक घ्यावे. द्राक्षाची छाटणी आटोपली की दोन तासांचा वेळ सहज मिळतो. गटातील एकाचा ट्रॅक्टर, एक जॅक, दोन घोड्या व चार पाचरी एवढ्यावर भागते. पुढील धुऱ्यास पाचरी न लावता मागील बाजू चार बोटे उचलून, कोणासही जवळ येऊ न देता, एका बाजूस लांब काठीने किंचित रेटून दाखवावे. ट्रॅक्टर कसा डुलतो ते लोक डोळ्यांनी पाहतात. मग पाचरी ठोकून तेच पुन्हा करावे. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना अशा प्रसंगी बोलाविल्यास शंकासमाधानही होते. स्त्रियांनाही आवर्जून बोलवावे. दुपारी वस्तीवर ट्रॅक्टरखाली माणूस काम करीत असतो तेव्हा हाकेच्या अंतरावर बहुधा त्याच असतात, आणि जॅकची दांडी कोणत्या बाजूस फिरविली असता काय होते हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. एकट्याने वाहनाखाली जाऊ नये, हा नियम सर्वांकडून वदवून घ्यावा.

जळक्या तेलाची व्यवस्था आरंभापासूनच लावावी. ट्रॅक्टरच्या एका बदलीत सात-आठ लिटर तेल निघते. ते बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेस ओतले तर पावसाबरोबर पाण्यात उतरते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, म्हणून झाकणाच्या पिंपात साठवून ते अधिकृत खरेदीदारास द्यावे. पिंप चुलीपासून व कडब्याच्या गंजीपासून दूर असावे. तेलाने माखलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात, आणि दरवाजाशी कोरडी वाळू भरलेल्या दोन बादल्या व तेलाच्या आगीस चालणारे अग्निशामक नळकांडे टांगलेले असावे. त्या बादल्यांतील वाळू बांधकामासाठी कोणी उचलून नेली नाही ना, हे अधूनमधून पाहत जावे.